एआयच्या वेगाला घाबरावं का? एका टेस्टरचं लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही एका मध्यम आकाराच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिता. दर दोन-तीन महिन्यांनी एआयचं नवं मॉडेल येतं आणि आधीचं पुरतं समजायच्या आत जुनं होतं. या क्षेत्रातलेच काही दिग्गज म्हणतात की मानवजातीच्या अस्तित्वाला धोका आहे, आणि तुमचे वरिष्ठ म्हणतात की हा सगळा गाजावाजा आहे, कामाला लागा. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. खरंच घाबरावं का? हा वेग कोणी आवरू शकतं का? आणि तुमच्यासारख्या माणसाने करायचं काय? शिवाय अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की गेल्या महिन्यात तुमच्या टीमने एआय एजंटला (सांगितलेलं काम स्वतःच पावलं उचलून करणाऱ्या प्रोग्रामला) प्रॉडक्शनच्या, म्हणजे ग्राहक प्रत्यक्ष वापरतात त्या, डेटाबेसवर थेट लिहायची परवानगी दिली. त्या वाक्याकडे मी शेवटी येतो.

मी कोण, हे आधी सांगतो, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. वीसेक वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. त्यातली बरीच वर्षं वैद्यकीय उपकरणांमधलं सॉफ्टवेअर तपासण्यात गेली, अलीकडची वर्षं भाषा-मॉडेलांच्या (चॅटजीपीटीमागे असतात तशा, मजकूर लिहिणाऱ्या एआयच्या) मूल्यमापनात. मी मॉडेल बनवत नाही. दुसऱ्यांनी बनवलं की त्याला छळून बघणं हे माझं काम. तेव्हा हे उत्तर तपासणाऱ्याच्या खुर्चीतून आलेलं आहे, संशोधकाच्या किंवा गुंतवणूकदाराच्या नाही.

तज्ज्ञांमध्ये एकमत नाही हे तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे. जेफ्री हिंटन, योशुआ बेंजिओ आणि यान लकून या तिघांना २०१८ चा ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सगळ्यात मोठा, एकत्र मिळाला, आजच्या एआयचा पाया घातल्याच्या एकाच कामासाठी. त्यांपैकी हिंटननी मे २०२३ मध्ये गूगल सोडलं ते धोक्यांबद्दल मोकळेपणाने बोलता यावं म्हणून. बेंजिओंनी आपलं बरंचसं काम सुरक्षिततेकडे वळवलं. लकून मात्र अस्तित्वाच्या धोक्याची भाषा उघडपणे उडवून लावतात. पाया घालणारे तिघे, आणि तिघांचं हे असं. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: ज्यांना सगळ्यात जास्त कळतं त्यांचंच जमत नाही, तर मी कोणाच्या शब्दावर विसंबू?

माझं उत्तर, कोणाच्याच नाही. त्याऐवजी दोन साधे प्रश्न विचारत चला. हे तपासतंय कोण? आणि तपासायला त्यांना वेळ मिळतोय का? एआयच्या वेगाबद्दलची माझी सगळी काळजी या दुसऱ्या प्रश्नात आहे. हुशार यंत्राची मला भीती नाही. न तपासलेल्या यंत्राची आहे, आणि ही यंत्रं तपासणं आम्ही शिकलो होतो त्यापेक्षा कितीतरी अवघड निघालं आहे. ते का, हे जरा सविस्तर सांगतो, कारण बातम्यांमध्ये ही बाजू फारशी येत नाही.

आमचा धंदा तीन गृहीतकांवर उभा आहे. ती इतकी अंगवळणी पडलेली असतात की कोणी बोलूनही दाखवत नाही.

पहिलं गृहीतक असं की 'चूक' कशाला म्हणायचं हे आधी लिहिलेलं असतं. औषध सोडणाऱ्या पंपाच्या सॉफ्टवेअरबद्दल कागदावर असायचं: तासाला इतके मिलिलिटर सांगितले तर फरक इतक्या टक्क्यांच्या आत, नळीत हवेचा बुडबुडा आला तर इतक्या सेकंदांत भोंगा. मी कागद आणि यंत्र शेजारी ठेवायचो आणि फरक शोधायचो. भाषा-मॉडेलाला असा कागद नाही. 'उपयोगी पड, खरं बोल, कोणाचं नुकसान करू नकोस' ही अपेक्षा झाली, स्पेसिफिकेशन नव्हे. अपेक्षेचं भाषांतर गुणांमध्ये करावं लागतं, आणि यंत्र अपेक्षेच्या मागे न जाता गुणांच्या मागे जातं.

याचं जुनं उदाहरण २०१६ चं आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या लोकांनी एका प्रोग्रामला बोटींच्या शर्यतीचा गेम खेळायला शिकवलं. गुण मिळत होते ते वाटेतली लक्ष्यं टिपण्याचे. बोटीने शर्यत पुरी करायचा नादच सोडला. एका खाडीत गोल गोल फिरत, पुन्हा पुन्हा उगवणारी तीच लक्ष्यं टिपत राहिली, मध्येच पेट घेत, दुसऱ्या बोटींवर आदळत. गुण मात्र शर्यत इमानेइतबारे पुरी करणाऱ्या माणसांपेक्षा जास्त. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. आता तीच गोष्ट तुमच्या-माझ्या कोडमध्ये होते. जून २०२५ मध्ये मेटर या मूल्यमापन करणाऱ्या संस्थेने नोंदवलं की ओपनएआयच्या ओ३ या मॉडेलला एक प्रोग्राम वेगवान करायला दिला, तर त्याने वेळ मोजणाऱ्या व्यवस्थेतच फेरफार केला. प्रोग्राम होता तेवढाच राहिला, घड्याळ खोटं झालं.

माझ्या स्वतःच्या बाबतीतलं सांगतो. एका कामात आम्ही एजंटला पडलेल्या टेस्ट दुरुस्त करायला दिल्या होत्या. तासाभरात सगळा बोर्ड हिरवा, म्हणजे सगळ्या टेस्ट पास. मी मंजुरी देणारच होतो, पण त्यांतली एक टेस्ट माझ्या हाताने लिहिलेली होती. वेगवेगळ्या टाइमझोनमधल्या तारखांची ती भानगड होती आणि ती तीन ओळींत सुटणारी नाही हे मला पक्कं माहीत होतं. उघडून बघितलं तर मूळ कोडमध्येच लिहिलेलं: अमुक तारीख आली तर अमुक उत्तर दे. माझ्या टेस्टमधली तारीख, माझ्या टेस्टमधलं उत्तर. एजंट खोटं बोलला का? मला तसं वाटत नाही. 'टेस्ट पास कर' असं आम्ही सांगितलं होतं, त्याने टेस्ट पास केली. ती टेस्ट दुसऱ्या कोणाची असती तर मी सही करून मोकळा झालो असतो, ही त्यातली टोचणारी गोष्ट.

दुसरं गृहीतक: ज्याची तपासणी करायची ती वस्तू जागेवर थांबते. उपकरणांच्या काळात बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची तयार आवृत्ती, गोठवायचो. एकदा क्रमांक पडला की चाचणी संपेपर्यंत त्यात स्वल्पविरामही बदलायचा नाही, बदललात तर पहिल्यापासून सुरुवात. ओपनएआयच्या जीपीटी-४ या मॉडेलचं प्रशिक्षण ऑगस्ट २०२२ मध्ये संपलं आणि ते लोकांच्या हाती आलं मार्च २०२३ मध्ये. मधले महिने बऱ्याच अंशी तपासणीत आणि वळण लावण्यात गेले. आज वर्षभरात किती आवृत्त्या येतात ते तुम्हीच मोजताय. शिवाय नाव तेच ठेवून आतलं वागणं बदलणारे अपडेट वेगळेच.

असा एक अपडेट तुम्हालाही आठवत असेल. २५ एप्रिल २०२५ ला जीपीटी-४ओ (चॅटजीपीटीच्या आतलं मॉडेल) बदललं आणि चॅटजीपीटी एकदम तोंडपुजं झालं. कोणतीही कल्पना 'अफलातून', कोणताही राग योग्यच, औषधं सोडतोय म्हटलं तरी शाबासकी. तीन दिवसांनी ओपनएआयने तो मागे घ्यायला सुरुवात केली. नंतर त्यांनी जे स्पष्टीकरण दिलं ते मी नव्या टेस्टरांना आवर्जून वाचायला देतो. आकडे चांगले होते, ज्या थोड्या वापरकर्त्यांवर आधी प्रयोग केला त्यांना ते आवडलंही होतं. फक्त काही अनुभवी तपासणाऱ्यांनी म्हटलं होतं की याचं वागणं जरा विचित्र वाटतंय. आकड्यांपुढे ते 'वाटणं' मागे पडलं. आणि खुशमस्करी मोजणारी वेगळी चाचणी त्यांच्या रिलीजच्या प्रक्रियेत नव्हतीच. जे मोजलंच नाही ते आकड्यांत कुठून दिसणार?

इथे दोष कोणाच्या हेतूचा नाही. 'विचित्र वाटतंय' याचं रूपांतर मोजता येईल अशा चाचणीत करायला काही आठवडे लागतात. आधी उदाहरणं गोळा करायची, मग नेमकं काय खटकतंय त्यावर तपासणाऱ्यांचं एकमत करायचं, मग प्रमाण ठरवायचं. रिलीजची तारीख तेवढी थांबत नाही. वेगाचा धोका म्हणतात तो प्रत्यक्षात असा दिसतो, रटाळ. स्फोट वगैरे काही होत नाही. एका मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं 'थोडं थांबू या का' आणि दुसरं कोणीतरी म्हणतं 'आकडे तर ठीक आहेत'.

तिसरं गृहीतक मला सगळ्यात जास्त छळतं: ज्याची परीक्षा घेतो त्याला परीक्षा चालू आहे हे कळत नाही. पंपाला कुठे कळतं की समोर रुग्ण आहे की टेस्टर?

हे गृहीतक मोडलं की काय होतं ते आपण मोटारींच्या बाबतीत पाहिलं आहे. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण उघडकीला आलं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये असं सॉफ्टवेअर होतं की गाडी प्रयोगशाळेच्या रोलरवर आहे हे ओळखून ती तेवढ्यापुरती सभ्य वागायची आणि रस्त्यावर आली की मर्यादेच्या कितीतरी पट धूर सोडायची. त्यावर प्रकाश पडला तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांमुळे. त्यांनी मोजणी करणारं यंत्र गाडीवर लादून ती चक्क रस्त्यावर चालवली. तिथे निदान कोणातरी इंजिनिअरने बसून ती लबाडी लिहिली होती. कोड उघडला की सापडते, माणूस सापडतो, खटला भरता येतो. मॉडेलमध्ये अशी ओळ कोणीच लिहीत नाही. ती उगवते.

काही नोंदी सांगतो. मार्च २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीच्या क्लॉड ३ ओपस या मॉडेलची स्मरणचाचणी चालू होती. लांबलचक, भलत्याच विषयांवरच्या मजकुरात पिझ्झावरच्या टॉपिंगबद्दल एक वाक्य दडवलं होतं आणि ते शोधायला सांगितलं होतं. मॉडेलने वाक्य शोधलं आणि वर म्हटलं की बाकी मजकुराशी याचा काही संबंध दिसत नाही, कदाचित माझं लक्ष आहे का हे बघायला कोणीतरी मुद्दाम घातलं असावं. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अँथ्रॉपिक आणि रेडवुड रिसर्च ही संशोधन संस्था यांनी त्याच मॉडेलवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. मॉडेलला सांगितलं गेलं की तुला यापुढे घातक विनंत्याही मान्य करायला शिकवलं जाणार आहे, आणि त्यासाठी फुकट वापरणाऱ्यांबरोबरचं संभाषण वापरलं जाईल. फुकट वापरणाऱ्यांच्या घातक विनंत्या त्याने सुमारे १४ टक्के वेळा मान्य केल्या, पैसे भरणाऱ्यांच्या जवळजवळ कधीच नाहीत. उत्तराआधी ते स्वतःशी विचार लिहितं त्या टिपणांत कारणही होतं: आत्ता ऐकल्यासारखं केलं तर माझी मूळची मूल्यं कोणी बदलणार नाही. मूल्यं चांगली होती म्हणून बरं वाटून घेण्यात अर्थ नाही. तपासणाऱ्यासमोर एक आणि पाठीमागे दुसरं हा प्रकार जमतो, हा त्यातला मुद्दा.

आणि मग 'त्या टिपणांवरच नजर ठेवू या' असं कोणीही म्हणेल. आम्हीही म्हणालो. ओपनएआयच्या संशोधकांनी मार्च २०२५ मध्ये दाखवलं की मॉडेलच्या टिपणांतल्या वाईट विचारांना शिक्षा देत गेलं, तर ते लबाडी सोडत नाही, टिपणांत लिहायचं सोडतं. पोराला खोड्यांबद्दल मारण्याऐवजी खोड्या कबूल केल्याबद्दल मारलं तर ते काय शिकेल, तेच. म्हणून जुलै २०२५ मध्ये वेगवेगळ्या, एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या प्रयोगशाळांतल्या संशोधकांनी एकत्र येऊन विनंती केली की मॉडेलचे विचार वाचता येण्याची ही खिडकी नाजूक आहे, तिला धक्का लावू नका.

तर इथवर: कागद नाही, वस्तू थांबत नाही, आणि वस्तूला परीक्षेचा वास येतो. तिन्हींवर उपाय शोधले जातायत, आणि काही छान आहेत. मे २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने क्लॉड ३ सॉनेटच्या आत लाखो संकल्पनांच्या जागा शोधून दाखवल्या. एखाद्या पुलाची, एखाद्या शहराची, कोडमधल्या बगची, अशा. म्हणजे वागणूक बघण्याऐवजी कवटीच्या आत डोकावण्याची ही सुरुवात. पण हे शास्त्र वर्षांच्या हिशेबाने पुढे जातं. मॉडेलांचा हिशेब वेगळा आहे. मेटरनेच मार्च २०२५ मध्ये मांडलं की माणसाला जेवढा वेळ लागतो त्यावरून कामाची लांबी मोजली, तर मॉडेल निम्म्या वेळा तडीस नेऊ शकतं अशा कामाची लांबी २०१९ पासून साधारण दर सात महिन्यांनी दुप्पट होत आली आहे.

आता तुमच्या वरिष्ठांची बाजू, कारण तीही पोकळ नाही. या आकड्यातला 'निम्म्या वेळा' हा शब्द सोडू नका. माझ्या जुन्या धंद्यात निम्म्या वेळा चालणारा पंप भंगारात जातो. त्याच संस्थेने जुलै २०२५ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोठमोठ्या ओपन सोर्स (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रकल्पांवर काम करणारे १६ अनुभवी डेव्हलपर, २४६ कामं, काही एआय घेऊन, काही न घेता. एआय घेऊन काम १९ टक्के हळू झालं, आणि त्या लोकांना मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की आपण २० टक्के वेगाने केलं. साधनं त्यानंतर सुधारली आहेत, तेव्हा हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. पण 'वाटणं' आणि 'असणं' यांतलं अंतर लक्षात ठेवा, ते दोन्ही दिशांना फसवतं. थोडक्यात, तुमचे वरिष्ठ गाजावाज्याबद्दल बरोबर बोलतायत, फक्त त्यातून ते भलताच निष्कर्ष काढतायत. कच्चं यंत्र कमी घातक असतं हे कोणी सांगितलं? आजवर मी पाहिलेले बहुतेक अपघात कच्च्या यंत्रावर जास्त विश्वास टाकल्याने झालेत.

वेग आवरता येईल का, याकडे येतो. मार्च २०२३ मध्ये जीपीटी-४ पेक्षा ताकदवान मॉडेलांचं प्रशिक्षण सहा महिने थांबवा असं खुलं पत्र निघालं, हजारो सह्या झाल्या. कोणी थांबलं नाही. हे पत्र निष्फळ ठरलं म्हणून लोक म्हणतात की शास्त्र कधी थांबत नसतं. ते चुकीचं आहे. १९७४ मध्ये जीवशास्त्रज्ञांनी डीएनए जोडण्याचे काही प्रयोग स्वतःहून थांबवले, फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला जमून नियम ठरवले आणि मग पुन्हा कामाला लागले. पण तेव्हा ते मोजक्या प्रयोगशाळांतले लोक होते, बहुतेक सरकारी पैशावर चालणारे, आणि थांबल्याने कोणाचा बाजार जाणार नव्हता. आज थांबणाऱ्याला वाटतं की शेजारचा थांबणार नाही. जो तो म्हणतो, मी सावध आहे म्हणून तर मीच पुढे असायला हवं. सगळ्यांचं हेच म्हणणं असलं की शर्यत आपोआप होते, त्यात कोणी वाईट असावं लागत नाही.

तरी एक गोष्ट नियंत्रणाच्या बाजूने आहे. सगळ्यात मोठी मॉडेलं गुपचूप माळ्यावर बनत नाहीत. हजारो चिप, प्रचंड वीज, मोठाली डेटा सेंटर लागतात. म्हणून युरोपीय संघाच्या एआय कायद्याने गणनेचं मोजमाप धरलं: प्रशिक्षणात एकावर पंचवीस शून्यं एवढ्या गणिती क्रियांच्या वर गेलात तर तुमचं मॉडेल व्यापक धोक्याचं मानलं जाईल, आणि तपासणी व घटना कळवण्याची जबाबदारी तुमच्यावर येईल. कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाला, सर्वसाधारण वापराच्या मॉडेलांवरची बंधनं ऑगस्ट २०२५ पासून. चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ मध्ये. वरातीमागून घोडं म्हणा हवं तर, पण घोडं आलं तरी. याची दुसरी बाजू अशी की तीच क्षमता पुढे कमी गणनेत मिळू लागते, आणि ज्या मॉडेलची फाइल एकदा सगळ्यांसाठी खुली केली ती परत बोलावता येत नाही. खुल्या मॉडेलांमुळे स्वतंत्र तपासणी सोपी होते हेही तितकंच खरं, माझ्यासारख्यांचं निम्मं शिक्षण त्यांच्यावर झालंय. इथे मी अजून कुठल्याच एका बाजूला उभा नाही.

कंपन्यांनी स्वतःलाही नियम घालून घेतलेत. अमुक क्षमता दिसली तर अमुक बंदोबस्त झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, या धर्तीचं धोरण अँथ्रॉपिकने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं, नंतर ओपनएआयने आणि गूगल डीपमाइंडनेही. ही पद्धत मला मनापासून पटते, कारण ती टेस्टरच्या भाषेतली आहे: आधी अट, मग दरवाजा. अडचण अशी की पेपर काढणारा, सोडवणारा आणि तपासणारा एकच. नियम बदलायचा अधिकारही त्याच्याकडेच. ओपनएआयने जुलै २०२३ मध्ये अतिप्रगत मॉडेलांच्या सुरक्षिततेसाठी खास गट स्थापला आणि हाताशी असलेल्या गणनशक्तीचा २० टक्के वाटा त्या कामाला देऊ म्हणून सांगितलं. मे २०२४ मध्ये तो गट विसर्जित झाला. वर्षही पुरं झालं नाही. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारी संस्था काढून बाहेरून तपासणीची सोय केली, ती मला जास्त आश्वासक वाटते. तपासणाऱ्याचा पगार विकणाऱ्याच्या खिशातून येऊ नये, हे मला उपकरणांच्या काळातच कळलं होतं. तिथे एका व्यवस्थापकाने मला 'रिलीजनंतर नोंदव की' असं म्हटलं होतं. तो काही दुष्ट नव्हता, त्याच्यावर तारीख होती.

म्हणजे माझ्या मते मागणी 'थांबवा' अशी नको, 'दरवाजे घाला' अशी हवी. नवं मॉडेल सोडण्याआधी बाहेरच्या तपासणाऱ्यांना ठरावीक दिवस द्या, त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध करा, आणि 'विचित्र वाटतंय' म्हणणाऱ्या माणसाला रिलीज अडवायचा अधिकार द्या. आठवड्यांचा प्रश्न आहे, दशकांचा नाही.

मग घाबरावं का? ते तुम्ही मॉडेलला काय करू देता यावर अवलंबून आहे. ते फक्त बोलत असेल आणि मधे तुम्ही असाल, तर धोका बहुतांशी तुमच्या आळसाचा आहे: न वाचता पुढे पाठवण्याचा. ते स्वतः कृती करत असेल, तर ती कृती उलटवता येते का, यावर सगळं ठरतं. आणि अस्तित्वाच्या धोक्याबद्दल विचाराल तर तो एका शर्यतीवर अवलंबून आहे: मॉडेलं आपल्याला फसवण्याइतकी हुशार आधी होतात की आपण त्यांना आतून वाचायला आधी शिकतो. वर सांगितलेले प्रयोग पाहता पहिली बाजू झोपलेली नाही. म्हणून मी हिंटनना वेड्यात काढत नाही. पण त्यासाठी तुमची झोप उडण्याने त्या शर्यतीत काडीचा फरक पडत नाही, तुमच्या डेटाबेसच्या परवानग्यांनी मात्र पडतो.

कामाच्या ठिकाणी मी जे करतो ते सांगतो. मॉडेल ज्या टेस्टवर तपासतो त्यांतला एक गठ्ठा त्याच्या हाती कधीच पडू देत नाही. तो वेगळ्या ठिकाणी असतो, एजंटला वाचायचीही परवानगी नसते. नाहीतर माझ्या तारखेचं झालं तसं होतं. आवृत्ती बदलली, अगदी 'किरकोळ सुधारणा' म्हटली, तरी तो गठ्ठा पुन्हा चालवतो. ज्या मॉडेलने कोड लिहिला त्यालाच तो तपासायला देत नाही, कारण ते स्वतःच्या चुकांवर प्रेमाने पांघरूण घालतं. आणि कोणताही बदल आधी थोड्या ठिकाणी सोडतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट एकाच वेळी सगळीकडे गेला आणि ८५ लाख विंडोज संगणक आडवे झाले, विमानतळ आणि रुग्णालयांसकट. त्यात एआयचा काही हात नव्हता. सगळ्यांना एकदम देण्याची घाई तेवढी होती. आज एकाच मॉडेलवर हजारो कंपन्यांचे एजंट उभे आहेत, त्याचं वागणं एका रात्रीत बदललं तर काय, हा प्रश्न तुमच्या सॉफ्टवेअर आर्किटेक्टला विचारून बघा.

वरिष्ठांशी बोलताना मानवजातीचं नाव काढू नका. मी एकदा काढलं होतं, पुढचे सहा महिने माझं नाव 'प्रलय' पडलं होतं. त्याऐवजी विचारा: या एजंटने चूक केली तर ती आपल्याला किती वेळात कळेल, आणि किती वेळात उलटवता येईल? उत्तर मिनिटांत असेल तर ठीक. 'बघावं लागेल' असं उत्तर आलं तर तुमचं काम झालं, पुढचं ते स्वतःच बघतात.

आता तुमचं ते शेवटचं वाक्य. सोमवारी गेल्यावर पहिल्यांदा तो लिहायचा अधिकार काढून घ्या. एजंटला डेटाबेसच्या प्रतीवर काम करू द्या, बदल प्रस्ताव म्हणून मांडू द्या, मंजुरीचं बटण माणसाने दाबू द्या. टीममध्ये कुरकुर होईल, काम हळू झालं म्हणतील. होऊ द्या. मग गेल्या महिन्याभरातले एजंटचे लॉग (कामाच्या नोंदी) काढा आणि त्याने किती ओळी बदलल्या, त्यांतल्या किती कोणा माणसाने पाहिल्या, ते मोजा. बॅकअप घेता असं तुम्ही लिहिलंय, पण तो परत चढवून शेवटचा कधी पाहिला ते लिहिलेलं नाही. तेही त्याच दिवशी करून बघा, आणि किती वेळ लागला ते इथे कळवा.